आय-जी-एच-टीची गड्डी

१

खुशालरावाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली, ते २०२४ साल. बारशाचं आमंत्रण त्याच्या आईने, दुर्गाबाईने, स्वतःच्या हाताने कागदावर लिहून गल्लीत वाटलं. साठी उलटल्यावर अक्षर शिकलेली बाई. तिच्या एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावायचे, पण आमंत्रण घरोघरी वाचलं गेलं आणि सगळे वेळेवर आले.

बारसं आटोपलं, पाहुणे गावोगाव परतले, आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी जठारपेठेतल्या छोट्या सभागृहात इफ्फतने पत्र्याची पेटी उघडली.

"आपली गड्डी कुठे आहे?" ती म्हणाली.

अकोल्यात शिकवायला इफ्फत अचलपूरहून आली, त्याला सहा वर्षं झाली होती. या सभागृहात मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ती मोठ्या वयाच्या बायकांचा वर्ग घ्यायची. आधी मराठी अक्षरं. ती पक्की झाली की इंग्रजी शब्द. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ती जाड पेनाने शब्द लिहायची आणि एकसारखी अक्षरं असलेल्या शब्दांना रबर लावून त्यांची गड्डी करायची. सगळ्यांची लाडकी गड्डी आय-जी-एच-टीची. लाइट म्हणजे उजेड, नाइट म्हणजे रात्र, फाइट म्हणजे मारामारी, साइट म्हणजे नजर. यातले जी आणि एच नुसते लिहायचे, बोलायचे नाहीत, हे कळलं त्या दिवशी दुर्गाबाई म्हणाली होती, "म्हंजे पंगतीतले जावाई. बसतेत मधात, बोलत नाईत." तेव्हापासून त्या दोन अक्षरांचं नाव वर्गात जावईच पडलं.

तीच गड्डी पेटीत नव्हती. बाकीच्या सगळ्या होत्या.

बायकांनी सतरंजी झटकली, खिडकीखाली पाहिलं, पंख्याच्या बटणांमागे पाहिलं. दुर्गाबाईशेजारी बसणारी सुंदराबाई तेवढी जागची उठली नाही. "जाऊ द्या ना बाई," ती हळूच म्हणाली, "चिठ्ठ्याच त होत्या. म्याडम पुन्हा लिहितीन."

पण प्रश्न नुसत्या लिहिण्याचा नव्हता. शनिवारी अमरावतीहून एका संस्थेची माणसं वर्ग पाहायला येणार होती. त्यांना आवडलं तर वर्ग पुढे चालणार होता, आणखी गावांमध्ये तसेच वर्ग निघणार होते. इफ्फत त्यांना हाच खेळ दाखवणार होती. आणि गलका ऐकून दारात जे उभे राहिले होते, ते सभागृहाची व्यवस्था पाहणारे केशवराव होते.

केशवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बोलताना प्रत्येक वाक्य जणू शिक्का मारून बाहेर काढायचे.

"कुलूप तुटलेलं नाही," ते म्हणाले. "खिडकीला गज आहेत. किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, दुसरी साजिदकडे."

साजिद हा इफ्फतचा थोरला भाऊ. फ्रीज-कूलर दुरुस्त करायचा आणि वर्गाच्या दिवशी येऊन दार उघडून द्यायचा.

"काका, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या चोरून माझा भाऊ काय करणार?" इफ्फतने विचारलं.

"समोर रूपालीबाईचा इंग्रजीचा क्लास आहे. तुझी पद्धत तिला हवी आहे, हे सगळी जठारपेठ जाणते. बुधवारी साजिद तिच्याकडून पिशवी घेऊन निघताना मी डोळ्यांनी पाहिला." केशवरावांनी चष्मा काढला. "मी पाव्हण्यांसमोर चोरीच्या जागेत कार्यक्रम होऊ देणार नाही. शनिवारी सकाळपर्यंत खुलासा करा. नाही तर किल्ली माझ्या हातात द्या आणि वर्ग दुसरीकडे बघा."

दुसरीकडे म्हणजे कुठेच नाही, हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

इफ्फतचे डोळे भरून आले. दुर्गाबाईने पेटी स्वतःकडे ओढली आणि झाकणावर हात ठेवला.

"केशवभाऊ, शनिवार लांब हाय," ती म्हणाली. "तवर ह्या पेटीले कोनी हात लावू नका."

२

बायका घरी गेल्यावर दुर्गाबाईने इफ्फतला समोर बसवलं.

"आता एकेक गड्डी काढ. वाच आन् मले सांग, काय हाय आन् काय नाई."

"आजी, एकच गड्डी गेली आहे. त्यात पाहायचं काय?"

"तू काढ त खरी."

इफ्फत काढत गेली. एकीचे शब्द 'के-एन'ने सुरू होणारे, एकीत मधे दोन ओ. ए-आय-एनची गड्डी हातात आल्यावर ती थबकली. रेन होता, पेन होता, मेन होता. ट्रेन नव्हता. ब्रेनही नव्हता.

"हे दोन पण गेलेत," ती म्हणाली. "आणि..." पेटीच्या तळाशी एक सुटी चिठ्ठी पडली होती. तिच्यावर लिहिलं होतं टाइट, म्हणजे घट्ट. आय-जी-एच-टीचा शब्द, पण चोराने मागे ठेवलेला.

दुर्गाबाई त्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिली. चोराला आय-जी-एच-टी हवी असती, तर त्याने टाइट का सोडला? आणि ट्रेन, ब्रेन कशाला नेले?

"घाईत राहिली असेल," इफ्फत म्हणाली.

"घाईतला मानूस दुसरी गड्डी सोडून, त्यातले नेमके दोन काढून, पुन्हा रबर लावत नाई बेटा."

साजिद दाराशी येऊन उभा होता. हातात किल्ली होती. ती त्याने दुर्गाबाईसमोर सतरंजीवर ठेवली.

"खाला, आजच देऊन टाकतो त्यांना. सहा वर्षं दार उघडून राहिलो, झाडू मारून राहिलो, कोणाची सुई गेली नाही. अन् आता मी चोर?"

"किल्ली उचल," दुर्गाबाई म्हणाली. "बुधवारी पिशवीत काय होतं?"

"कूलरचा पंप. जळला होता त्यांचा. काहून, तुम्हालेही शक आहे?"

"मले शक असता त तुले बसून विचारलं नसतं, उभ्यानं विचारलं असतं. आता सांग, मंगळवारी वर्ग सुटल्यावर तू आत काय केलं?"

"काही नाही. पेटी बायकांनीच भरली होती. मी पंखा बंद केला, कुलूप लावलं. आज येईपर्यंत हे दार उघडलं नाही."

"पेटी उघडून पाह्यली?"

"मी कशाला पाहू? मला त्यातलं काय समजते?"

दुर्गाबाईने मान हलवली. केशवराव कुलपाकडे बघत होते, त्यामुळे त्यांना किल्लीवालाच दिसत होता. पण गड्डी कुलूप लागायच्या आधीच गेली असेल तर? मंगळवारी, भर वर्गात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत?

तसं असेल तर चोर त्यांच्याच सतरंजीवर बसणारा होता.

३

शुक्रवारी सकाळी दुर्गाबाई समोरच्या जिन्याने वर गेली. रूपालीच्या क्लासमध्ये गारवा होता, भिंतीवर हसऱ्या पोरांची चित्रं होती.

"या मावशी! ॲडमिशन घ्यायची का?" रूपाली हसली.

"घेईन, पन माह्या मांडीले तुह्या खुर्च्या मानवनार नाईत."

"मग चोरीची चौकशी करायला आलात." रूपालीने हसू आवरलं. "केशवकाका कालपासून माझ्याकडे असे बघतायत, जणू मी बँक लुटली. मावशी, मला त्या चिठ्ठ्या चोरायची गरजच नाही. इफ्फतने मला स्वतःहून पेटी दाखवली होती, मागच्या महिन्यात. मी फोटो काढून घेतलेत. हे बघा."

तिने फोन पुढे केला. सभागृहाच्या सतरंजीवर सगळ्या चिठ्ठ्या रांगांनी मांडलेल्या. खिडकीतून ऊन आलेलं.

दुर्गाबाईने चष्मा पुसला. आय-जी-एच-टीची रांग तिने लगेच ओळखली. आणि मग तिला दिसलं की उन्हात त्या रांगेच्या कडा चमकत होत्या. बारीक, सोनेरी. बाकीच्या रांगांच्या कडा साध्या होत्या, कोणत्या पांढऱ्या, कोणत्या गुलाबी.

"हे मोठं कर," ती म्हणाली. "ह्या रांगेतला टाइट दाखव."

रूपालीने बोटांनी चित्र फाकवलं. टाइटची कड साधी होती.

"आता खालच्या रांगेतले ट्रेन आन् ब्रेन."

दोन्हींच्या कडा सोनेरी होत्या.

दुर्गाबाई खुर्चीत मागे टेकली. इफ्फत कशी लिहायची, ते तिने कितीदा पाहिलं होतं. पत्रिकांचा एक गठ्ठा पुढ्यात घ्यायची आणि एका बैठकीत एक गड्डी लिहून टाकायची. सोनेरी पत्रिकांवर आय-जी-एच-टी लिहिली, त्यातल्या दोन उरल्या, त्यांच्यावर पुढच्या गड्डीचे शब्द घातले. आणि टाइटवर मागे एकदा चहा सांडला होता, म्हणून तो दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिला होता.

चोराने शब्द पाहिलेच नव्हते. त्याने कागद नेला होता. म्हणजे जे हवं होतं ते इंग्रजी अक्षरांत नव्हतं. ते मागच्या बाजूला होतं.

"काय झालं मावशी?"

"काही नाई वं. तुह्या फोननं लय मोठं काम केलं." दुर्गाबाई उठली. जिन्यापाशी ती थांबली. "साजिदचा पंप चालते ना बरोबर?"

"एकदम मस्त. त्याला म्हणावं, पैसे घ्यायला ये. काकांच्या भीतीने तो माझा फोनच उचलत नाहीये."

४

पत्रिका यायच्या अब्दुल सत्तारच्या छापखान्यातून. तो इफ्फतचा मामा. मागच्या गल्लीत एक खोली, त्यात एक मशीन, एक संगणक आणि छतापर्यंत कागद. वाया गेलेल्या किंवा उरलेल्या पत्रिका तो भाचीला द्यायचा.

जाताना दुर्गाबाईच्या मनात एक विचार पक्का होत चालला होता. पत्रिकेच्या माथ्यावर देवाचं नाव असतं, गणपतीचं चित्र असतं. वर्गात चिठ्ठ्या सतरंजीवर पसरल्या जातात, कोणाचा तरी पाय लागतो. एखाद्या सोवळ्या बाईला ते बघवलं नसेल, आणि तिने त्या उचलून पाण्यात सोडल्या असतील. असं असलं तर सगळं सोपं होतं.

तिने तसं म्हणून दाखवलं, तेव्हा अब्दुल सत्तारने मशीनखालून एक पोतं ओढलं. तोंड सोडून दाखवलं. आत कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या होत्या. काहींवर गणपती, काहींवर कुलदेवतेचं नाव.

"दुसरं पोतं तिकडं हाय, बिस्मिल्लावालं," तो म्हणाला. "बाई, पोरी जमिनीवर खेळतीन हे मले मालूम होतं. कोन्तीबी पत्रिका देताना वरचा पट्टा मी पहिले कापतो. ह्या पट्ट्या शेजारचे गुरुजी नदीत सोडतेत, त्या आमचे लोक नेतेत. खुदाचं नाव पायाखाली येऊ देईन का मी?"

दुर्गाबाईचा तर्क तिथेच संपला. पट्टा कापला म्हणजे चिठ्ठीमागे देव उरलाच नव्हता. उरली होती फक्त माणसांची नावं.

"सोनेरी कडेच्या पत्रिका कोनाच्या होत्या, भाऊ?"

म्हाताऱ्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ते तं नेलेच नाई कोनी."

"म्हंजे?"

"करोनाच्या दुसऱ्या साली एक पोरगा आला होता. इथंच मोबाइलच्या दुकानात कामाले होता, गाव अचलपूरकडचं. सोताच्या लग्नाच्या पत्रिका छापाले टाकल्या. वैशाखातलं लग्न. मग पुन्हा सगळं बंद झालं, माहं मशीनबी बंद. पोरगा आलाच नाई. फोन लावला, तं बंद. मी म्हनलं, येईन. कोनाच्या लग्नाची पत्रिका रद्दीत कशी घालाव? तीन साल ठेवल्या. यंदा थोड्या इफ्फतले देल्या, बाकी अजून हायत वर."

"नाव?"

"आता कुठं आठवते? एक गोष्ट तेवढी ध्यानात हाय." त्याने हाताने हवेत अक्षर काढल्यासारखं केलं. "तो म्हने, चाचा, माह्या आईचं नाव सगळ्याइच्यापेक्षा ठळक टाका. मी म्हनलं, कावून रे, नवरदेव तू का आई? तो म्हने, तिले वाचता येत नाई, फक्त सोताचं नाव ओळखते. पत्रिका हातात घेतली की तिले तेवढं सापडलं पाह्यजे."

म्हाताऱ्याने छतालगतच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"बाकीच्या काढू का वरून?" अब्दुल सत्तारने विचारलं. "नाव पाहून घ्या."

"नको," दुर्गाबाई म्हणाली. "मले पाहाची गरज नाई."

५

घरी येऊन ती मेथी निवडत बसली. सून विचारत होती, आई, जेवलात का, पण दुर्गाबाईचं मन मंगळवारच्या वर्गात होतं.

त्या दिवशी आय-जी-एच-टीचा खेळ चालू होता. प्रत्येकीने एक चिठ्ठी ओढायची, सगळ्यांना दिसेल अशी वर धरायची, शब्द वाचायचा, अर्थ सांगायचा. सुंदराबाईला नाइट आली होती. नाइट तिला झोपेतही येत असे. पण त्या दिवशी तिने चिठ्ठी वर धरली ती उलटी. सगळी अक्षरं डोक्यावर उभी. बायका हसल्या, दुर्गाबाईही हसली. कोणीतरी म्हणालं, "सुंदराबाईची रात उलटी झाली!" सुंदराबाईच्या तोंडून अर्थ निघालाच नाही. सगळ्यांना वाटलं, लाजली.

इफ्फत लिहिताना मागची बाजू कशी आहे ते बघत नसे. पुष्कळ चिठ्ठ्यांवर इंग्रजी शब्द आणि मागचा मजकूर उलटसुलट पडलेले. म्हणजे समोरचा शब्द बाकीच्यांना उलटा दिसत होता, तेव्हा सुंदराबाईच्या डोळ्यांपुढे मागची बाजू सुलटी होती. ती नाइट वाचतच नव्हती. ती पत्रिका वाचत होती.

ती दोन वर्षांपूर्वी वर्गात आली, तेव्हा तिला स्वतःच्या नावाखेरीज काही वाचता येत नव्हतं. अचलपूरची. नवरा नत्थुजी गावी शेती बघतो आणि ती इथे लेकीकडे, नीलमकडे राहते. घर सोडून का आली, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि वर्गात कोणी विचारलंही नव्हतं. गड्ड्या रबर लावून पेटीत ठेवायच्या त्या बायकांनीच. मंगळवारी शेवटपर्यंत सतरंजीवर कोण बसून होतं, तेही दुर्गाबाईला आता आठवलं.

नीलमचं घर रेल्वेरुळांच्या पलीकडे. उन्हं कलताना दुर्गाबाईने कडी वाजवली. नीलम कामावर गेलेली. सुंदराबाईने दार उघडलं आणि दुर्गाबाईला पाहून ती बाजूला झाली.

"मले वाटलंच, तुमीच यान," ती म्हणाली.

देवघरात गड्डी ठेवलेली होती, रबरासकट. सगळ्यात वरच्या चिठ्ठीच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं, त्यावर अक्षता. लग्नघरातली पहिली पत्रिका देवाला ठेवतात, अगदी तशी.

"घ्या," सुंदराबाईने ती चिठ्ठी दुर्गाबाईच्या हातात दिली. "वाचा तुमी."

दुर्गाबाईने वाचलं. चि. देवानंद. खाली, नत्थुजी व सौ. सुंदराबाई यांचे कनिष्ठ चिरंजीव. त्यातलं 'सुंदराबाई' एवढं जाड होतं, की शाईने कागद दबला होता.

"आमी त्याले बंडू म्हनो," सुंदराबाई म्हणाली. "मंगळवारी चिठ्ठी हातात आली. सहज पलटवली. माहं नाव दिसलं. म्हनलं, दुसरी कोनी सुंदराबाई असंन. मग वरचं वाचलं. एकेक अक्षर लावून वाचलं बाई मी. दोन साल मी अक्षरं शिकून राहिली, कशासाठी शिकून राहिली ते मलेच मालूम नव्हतं." तिने पदराने नाक पुसलं. "पत्रिका छापाले टाकल्या हे त्यानं सांगतलं होतं. कुठं टाकल्या ते नाई सांगतलं. नीलमनं लय शोधलं."

"आन् ट्रेन-ब्रेन कसे सापडले?"

"कडा पाह्यल्या. सोनेरी होत्या तेवढ्या वेचल्या. माह्या पोराच्या लग्नाची पत्रिका अशी पायाशी कशी पडू देऊ?" मग तिचा स्वर कडक झाला. "मी चोरली नाई. माही हाय ते."

"तुमचीच हाय," दुर्गाबाई म्हणाली. "पन तिकडं साजिद चोर ठरून राहिला. उद्या सकाळी किल्ली गेली, का वर्ग गेला."

सुंदराबाईने मान खाली घातली. "मले मालूम हाय. काल तोंड उघडलं होतं मी, पन आवाजच निघाला नाई. इतक्या जनीत बंडूचं नाव घेनं नाई होत मले. घरात त्याचे बाबा नाव घेत नाईत, नीलम घेत नाई. घेतलं का सगळे रडतेत."

दुर्गाबाईने चिठ्ठी पुन्हा देवापुढे ठेवली.

"मंग तुमी बसा घरी. मी सांगते केशवभाऊले का मी नेली. नातीच्या बारशाचे कागद समजून चुकीनं उचलली. म्हातारीले कोन काय म्हननार?"

"तुमी काहून खोटं बोलसान?" सुंदराबाई म्हणाली.

दुर्गाबाई उठली. चप्पल घालून ती रुळांकडे निघाली. उद्या ही येईल की नाही, हे तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

६

शनिवारी सकाळी सभागृहाच्या दारात केशवराव हात पुढे करून उभे होते. साजिदच्या मुठीत किल्ली होती. इफ्फत भिंतीला टेकून उभी. बायका सतरंजीवर बसल्या होत्या, पण पेटी कोणी उघडली नव्हती.

"तर मग?" केशवराव म्हणाले. "कोणाला काही सांगायचं आहे?"

"मले हाय," दुर्गाबाईने सुरुवात केली. "गड्डी मी..."

"तुमी बसा बाई."

दारात सुंदराबाई होती. मागे नीलम, कामावर न जाता आलेली. सुंदराबाई आत येऊन नेहमीच्या जागी बसली. पिशवीतून गड्डी काढली, रबर सोडलं, वरची चिठ्ठी दोन्ही हातांनी धरली. नीलमने खालून हात लावला.

"मी वाचते," सुंदराबाई म्हणाली. "चुकलं तं सांगा."

तिने वाचलं. चि. देवानंद. अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत, बोट सरकवत. नवरीचं नाव वाचलं, चि. सौ. कां. आचल. आई-वडिलांची नावं वाचली. तिथी, वार, मांडवाची जागा. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' हे तिने दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा ते तिला नीट जमलं नाही. कोणी सांगितलं नाही. सगळं वाचून झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माहा पोरगा होता. साजिदभाऊनं काही नाई केलं. मंगळवारी मीच पिशवीत टाकली."

केशवरावांचा पुढे केलेला हात केव्हाच खाली आला होता. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. मग ते साजिदकडे वळले.

"बाळा, ती किल्ली ठेव तुझ्याजवळच. मी बोललो ते..." ते थांबले. "ते मी बोलायला नको होतं. आणि माझा कूलरही आवाज करतो. येशील कधी?"

"आज नाही येणार काका," साजिद म्हणाला. त्याचा राग गेला नव्हता. "सोमवारी पाहतो."

इफ्फत सुंदराबाईजवळ बसली. "मावशी, मी त्यांच्यावर लिहायला नको होतं. मी कधी मागे पाहिलंच नाही."

"तुमी लिहिलं म्हनून तं मले सापडली, म्याडम."

पाहुणे यायला थोडा वेळ होता. दुर्गाबाईने कोरे कागद मागवले. बायकांनी ते आपापसांत वाटून घेतले आणि आय-जी-एच-टीचे शब्द पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिले. कोणाचा लाइट तिरपा झाला, कोणाच्या फाइटमधला एक जावई राहून गेला आणि इफ्फतने तो वरून घुसवला. अमरावतीच्या लोकांनी खेळ तासभर पाहिला, आणि जाताना विचारलं की हे असं किती गावांत करता येईल. इफ्फतने सांगितलं, बसायला सतरंजी असेल तितक्या गावांत.

दुपारी अब्दुल सत्तार रिक्षातून आला. मांडीवर खोकं होतं. त्यात उरलेल्या सगळ्या पत्रिका होत्या, न कापलेल्या, माथ्यावर गणपती असलेल्या. ते खोकं त्याने सुंदराबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"बेटा आला नाई, म्हनून तुमी येईस्तोवर ठेवल्या," तो म्हणाला. "उशीर झाला."

सुंदराबाईने खोकं नीलमच्या हाती दिलं. पुढच्या आठवड्यात ती अचलपूरला गेली. नत्थुजींना समोर बसवून तिने पत्रिका अख्खी वाचून दाखवली, आणि त्या घरात किती तरी दिवसांनी बंडूचं नाव मोठ्याने घेतलं गेलं. चार दिवस राहून ती परत आली आणि मंगळवारी वर्गात आपल्या जागेवर बसली.

देवानंद ऊर्फ बंडू २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, पहाटे, अमरावतीच्या एका दवाखान्यात करोनाने वारला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.